लॅपलँडच्या टीम ट्रिपच्या नावाखाली १०,९६७ युरोंचा गंडा

१०,९६७ युरो. आकडा आधीच लिहून टाकते, म्हणजे "एकूण किती गेले गं?" हा प्रश्न पुन्हा कोणी विचारणार नाही. अकरा जणांची टीम, माणशी ८९० प्रमाणे ९,७९०. थंडीचे कपडे आणि बूट यांचं डिपॉझिट माणशी ७५, म्हणजे ८२५. आणि "राष्ट्रीय उद्यान प्रवेश व झोपडी परवाना" माणशी ३२, म्हणजे ३५२. रक्कम सगळ्यात लहान असली तरी या ३५२चीच मला सगळ्यात जास्त चीड येते. का, ते पुढे येईलच.

ऑफिस फिनलंडमधलं, हेलसिंकीतलं. ट्रिप डिसेंबर २०२५ मधली, देशाच्या पार उत्तरेला, लॅपलँडमध्ये सारिसेल्का गावाच्या बाजूला. हस्की कुत्र्यांची गाडी, स्नोमोबाइल, बर्फातली पायपीट आणि दोन रात्री जंगलातल्या लाकडी झोपडीत. आयोजन माझ्या गळ्यात पडलं, कारण ते दर वर्षी कोणाच्या तरी पडतंच. वेबसाइट कशी होती हे सांगत बसत नाही. चोरलेले फोटो, स्वतःच लिहिलेले रिव्ह्यू, व्हॉट्सॲपवर दोन मिनिटांत उत्तर, सगळं नेहमीचंच. फक्त एक सांगते, भाव स्वस्त नव्हता. "एवढं स्वस्त मिळतंय तेव्हाच कळायला हवं होतं" हे मला ऐकवू नका. इतर ठिकाणचीही कोटेशन मागवली होती आणि हे बरोबर मधलं होतं. मुरलेला चोर भाव पाडत नाही.

आता त्यांनी पाठवलेली कार्यक्रमाची पीडीएफ. तिसरं पान, दुसरा दिवस: "सकाळी १० वाजता कौनिस्पा डोंगरमाथ्यावर सूर्योदय आणि गरम बेरीचा रस."

मी वाचलं. टीम लीडनं वाचलं. अकाउंट्समधल्या बाईंनी तर रस कोणाला चालत नाही त्यांची नावंही मागवली. डिसेंबरच्या मध्यावर, आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला सुमारे दोनशे किलोमीटरवर सूर्योदय! तिथे डिसेंबरच्या सुरुवातीला मावळलेला सूर्य थेट जानेवारीत उगवतो. मधल्या काळाला फिनिश लोक कामोस म्हणतात. भर दुपारी काही वेळ निळसर उजेड पडतो, बस. आणि कहर म्हणजे त्याच पानावर वर "ध्रुवीय रात्रीची जादू अनुभवा" असंही छापलेलं होतं. दोन्ही ओळी एकाखाली एक. आम्ही शिकलेसवरलेले लोक, दिवसभर दुसऱ्यांच्या एक्सेलमधल्या चुका शोधतो. पण हेलसिंकीतही डिसेंबरात सूर्य नवाच्या पुढेच उगवतो, त्यामुळे दहाची वेळ डोळ्याला खुपली नाही. हे कारण पटत नसेल तर नका पटवून घेऊ. मला पटतं.

ते खुपलं आमच्या एका फिनिश सहकाऱ्याला, आणि तेही रात्रीच्या गाडीत, ताम्पेरे मागे पडल्यावर. तो पालकत्वाच्या रजेवर होता, त्यामुळे कार्यक्रम पहिल्यांदाच बघत होता. डायनिंग कारमध्ये त्या ओळीवर बोट ठेवून तो बराच वेळ गप्प बसला. मग त्यानं पान उलटलं, झोपडीचा फोटो पाहिला आणि विचारलं, "हिचे पैसे दिलेत?" ती होती आउतिओतुपा. उर्हो केक्कोनेन राष्ट्रीय उद्यानात अशा झोपड्या सगळ्यांसाठी खुल्या असतात. फुकट. त्यांचं बुकिंगच नसतं, आणि उशिरा थकून येणाऱ्याला आधीच्यानं जागा करून द्यायची असा रिवाज आहे. उद्यानालाही प्रवेश फी नाही. फिनलंडमध्ये जंगलातून चालायला, स्की करायला कोणाची परवानगी लागत नाही. आम्ही फुकटच्या वाटेचे आणि फुकटच्या छपराचे ३५२ युरो मोजले होते, वर पावतीही घेतली होती.

आम्ही उतरलो त्या रोव्हानिएमी स्टेशनवर उणे बावीस तापमान होतं आणि मिनीबसचा पत्ता नव्हता. ट्रिपवाल्यांचा फोन बंद. हस्कीवाल्या बाईंनी फोनवर सांगितलं, "कुत्रे आमचेच आहेत, बुकिंग नाही." हॉटेलचे २,१४० युरो वेगळे गेले. ते वरच्या आकड्यात धरलेले नाहीत.

पैसे दिले असतील आणि शंका आली असेल, तर वाचणं थांबवा आणि आधी बँकेला फोन करा. चॅट नको, ईमेल नको.

आमच्या बँकेनं काय केलं? ९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो वापरणाऱ्या देशांत बँकेला पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव आयबॅनशी, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकाशी, जुळतं का ते दाखवावं लागतं. पहिला हप्ता, ३,९१६ युरो, सप्टेंबरातच गेला होता. दुसऱ्याच्या वेळी स्क्रीनवर "नाव जुळत नाही" असं आलं. विचारल्यावर पलीकडून उत्तर आलं, "खातं आमच्या हिशेब बघणाऱ्या कंपनीचं आहे." त्याच खात्यात पहिला हप्ता नीट पोचला होता, मग अकाउंट्सनं ओके दाबलं. आता बँक म्हणते, आम्ही इशारा दिला होता, विषय संपला. पैसे परत मागवण्याची विनंती पाठवली, तर म्हणे खातेदाराची संमती लागेल. चोराची संमती! हे मला एका माणसानं अत्यंत नम्रपणे, जराही न हसता सांगितलं. पोलिसांनी ऑनलाइन तक्रार घेतली आणि काही आठवड्यांनी पत्र पाठवलं: पैसा देशाबाहेर गेला आहे, तपास बंद. ग्राहक सल्ला देणाऱ्या कचेरीनं विचारलं, पैसे कोणाच्या खात्यातून गेले? कंपनीच्या. मग तुम्ही ग्राहक नाही. म्हणजे अकरा माणसं स्टेशनवर कुडकुडली, पण कागदावर फसलं कोणीच नाही. वेबसाइटचं नाव (डोमेन) विकणाऱ्यांकडून फक्त "तुमचा संदेश मिळाला" एवढंच आलं, तेही मशीननं पाठवलेलं.

फिनिश बँकेतल्या खात्याचा आयबॅन एफआयनं सुरू होतो. आम्हाला दिलेला होत नव्हता. वाय-टुनुस, म्हणजे धंद्याचा नोंदणी क्रमांक, वेबसाइटवर असतो म्हणून भुलू नका. सरकारी नोंदवहीत तो फुकट शोधता येतो, आणि क्रमांक खरा आहे एवढ्यावर थांबू नका, धंदा कोणता लिहिलाय ते बघा. आमचा निघाला रंगकामाचा. राहणं, फिरणं एकत्र विकणाऱ्यांची वेगळी अधिकृत यादी असते, तिथे नाव नसेल तर बोलणंच बंद करा. हस्कीवाल्यांना, स्नोमोबाइलवाल्यांना स्वतः फोन लावा, तोही ट्रिप विकणाऱ्याच्या वेबसाइटवरून उचललेल्या नंबरवर नाही. कपड्यांचं डिपॉझिट आगाऊ मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा. जमेल तिथे कार्डानंच पैसे भरा, कंपनीचं कार्ड द्यायला ऑफिसात कोणी नाक मुरडलं तरी.

ती वेबसाइट अजून चालू आहे, नाव तेवढं बदललंय. झोपडीचा फोटो तोच. तुमच्या ऑफिसात कोणी उत्तरेची ट्रिप ठरवत असेल तर त्यांच्या पीडीएफचं तिसरं पान एकदा मागून घ्या.