छोटा 6 गीगाहर्ट्झचा व्हीएनए: मेटामटेरियल अॅब्सॉर्बर मोजायला कितपत चालतो

हा व्हीएनए (व्हेक्टर नेटवर्क अॅनालायझर, रेडिओ लहरी सोडून किती परत येतात ते मोजणारा बॉक्स) दिवाळीच्या आधी घेतला होता, आता उन्हाळा संपत आला, सांगलीत आमच्या लॅबमध्ये रोज चालूच असतो त्यामुळं आता मनापासून लिहितोय. ब्रँडचं नाव घेत नाही, या किमतीतले बरेचसे सारखेच आहेत. काम एकच, एफआरफोरवर (सर्किट बोर्डाचं नेहमीचं फायबरग्लास) छापलेले मेटामटेरियल अॅब्सॉर्बर (ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या लहरी गिळणारी, तांब्याच्या नक्षीची शीट) मोजायचे, आणि त्याला हा पुरतो.

सेटअप म्हणजे दोन हॉर्न (कर्ण्यासारखे अँटेना) शेजारी शेजारी, समोर शीट, एका पोर्टातून सोडायचं न् दुसऱ्यावर परत आलेलं घ्यायचं. म्हणजे स्क्रीनवर एस21 (एका पोर्टातून निघून दुसऱ्यावर पोचलेलं) दिसतो पण ते असतं शीटचं रिफ्लेक्शन, नव्या पोरांचा इथंच घोळ होतो. मागं पूर्ण तांबं असल्यानं पलीकडं काही जात नाही. आधी त्याच मापाचा अॅल्युमिनियमचा पत्रा लावून 0 डीबी धरायचं, मग शीट. -10 आलं की 90 टक्के गिळलं, -20 ला 99. स्टँड मिरजेच्या सुताराकडनं करून घेतला, एकही खिळा नाही, नुसता फेविकॉल, त्यावर थर्मोकोल. आणि मोजताना पंखा बंदच ठेवावा लागतो, पाती फिरली की ट्रेस थरथरतो, एप्रिलमध्ये सांगलीत हे काय असतं ते विचारू नका. लॅपटॉपवर टाइम गेटिंग (शीटच्या आधी-नंतर परत आलेलं कापून टाकणं) केलं की भिंतीचं बरंच निघून जातं, 3 ते 6 असा पूर्ण स्वीप घेतला तर साधारण 5 सेंमीपर्यंत वेगळं काढता येतं.

आता खरं जे सांगायचंय ते. साताऱ्याचा एक मित्र शीट घेऊन आला, कर्णावर कापलेल्या रिंगांची, 5 गीगाहर्ट्झच्या आसपास -18 डीबीचा खड्डा, म्हणजे 98 टक्के, गडी एकदम खूश. मी म्हटलं थांब जरा, आणि घेणारा हॉर्न 90 अंशात फिरवला. तिथं -2 डीबी! म्हणजे 63 टक्के पॉवर शोषली वगैरे काही नव्हती, पोलरायझेशन (लहरीच्या विद्युत क्षेत्राची दिशा) आडवं करून परत आली होती. दोन्ही वजा केल्यावर अॅब्सॉर्प्शन उरलं 35 टक्के. रिंगा कर्णावर असल्या की येणाऱ्या लहरीचे दोन घटक वेगवेगळ्या फेजनं परत येतात, फरक 180 अंशाजवळ गेला की लहर आडवीच होते. आपल्या जगदीशचंद्र बोसांनी 1898 मध्ये पिळलेल्या तागानं पोलरायझेशन फिरवून दाखवलं होतं, तेव्हा ही गोष्ट काही नवी नाही. तरी कित्येक जण एकाच दिशेचा एस11 (सोडलं त्याच पोर्टवर परत आलेलं) काढून अॅब्सॉर्बर झाला म्हणून मोकळे होतात, याची मला मनापासून चीड येते. क्रॉस-पोल (हॉर्न 90 अंशात फिरवून मिळणारं रिफ्लेक्शन) मोजल्याशिवाय टक्केवारी लिहूच नका.

म्हणून आता प्रत्येक शीट मी कोनमापकावर 5-5 अंशांनी फिरवतो. चारही बाजूंनी सारख्या पॅटर्नला समोरून काही फरक पडत नाही. तिरपं धरलं की मात्र टीई (विद्युत क्षेत्र शीटला समांतर) आणि टीएम (चुंबकीय क्षेत्र समांतर) वेगळे वागायला लागतात, टीईचं अॅब्सॉर्प्शन सहसा आधी पडतं.

त्रास म्हणाल तर दोन. 5 च्या वर वायफायची काटेरी रेघ येते, राउटर बंद करून मोजा. आणि उन्हात बॉक्स तापला की कॅलिब्रेशन सरकतं, दुपारी परत करावंच लागतं, केबलही हलवायची नाही.

2008 च्या त्या पहिल्या गाजलेल्या मेटामटेरियल अॅब्सॉर्बरचा शिखर 11.5 गीगाहर्ट्झला होता, 88 टक्क्यांच्या वर मोजलेला. तसलं एक्स-बँडचं (8 ते 12 गीगाहर्ट्झ) काम असेल तर याच्या नादाला लागू नका, मोठ्या लॅबमध्ये वेळ मागून घ्या, पण 6 च्या खालचं डिझाइन असेल तर बिनधास्त घ्या, आणि हॉर्न फिरवता येईल असाच स्टँड करून घ्या.