मेट्रो ३, लोकल आणि बेस्ट: मुंबई दाखवताना कुठे काय वापरावं

मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये थेट कफ परेडपर्यंत धावायला लागली आणि पाहुण्यांना मुंबई दाखवण्याचं जुनं गणित बदललं. आधी सगळा भार चर्चगेट आणि सीएसएमटीवर होता, तिथून पुढे टॅक्सी. काही महिने मेट्रो, लोकल आणि बेस्ट आलटून पालटून वापरल्यावर मत असं झालं आहे: दक्षिण मुंबईला मेट्रो, भायखळा-बोरिवलीला लोकल, आणि जिथे दोन्ही पोहोचत नाहीत तिथेच बस. ठिकाणांची यादी मात्र नंतर करावी, आधी गर्दी कुठल्या वेळी कुठल्या दिशेला जाते ते बघावं.

सकाळी आठ ते अकरा गर्दी दक्षिणेकडे सरकते, संध्याकाळी साडेपाचनंतर उलटी. त्यामुळे मुक्काम फोर्ट-कुलाब्याकडे असेल तर सकाळी चर्चगेटहून बोरिवलीला जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, दोन्ही वेळा बसायला जागा मिळते. मुक्काम ठाण्या-बोरिवलीला असेल तर अकराच्या आधी पाहुण्यांना घेऊन लोकलमध्ये शिरू नये. लहान मुलं आणि आजी-आजोबा सोबत असतील तर अजिबातच नाही. विरार फास्टने बोरिवलीला उतरायचा बेत तर स्थानिक माणूसही करत नाही.

मेट्रो ३ म्हणजे आरे ते कफ परेड ३३.५ किमी, २७ स्थानकं, तिकीट १० ते ७० रुपये. पूर्ण मार्गाला साधारण तास लागतो. गाडी थंडगार, स्वच्छ, वेळेवर. त्रास आहे तो जमिनीखालच्या खोलीचा. फलाटावरून रस्त्यावर यायलाच पाच-सात मिनिटं जातात, आणि चुकीच्या गेटने बाहेर पडलात तर मोठा चौक ओलांडून परत यावं लागतं. गेटला ए१, बी२ अशी नावं असतात. कुठलं गेट आपलं ते सरकत्या जिन्यावर चढण्याआधी नकाशावर बघून घ्यावं. मोबाइलची रेंज खाली भरवशाची नाही, म्हणून तिकीट रस्त्यावर असतानाच काढावं.

स्थानकांची नावं नवख्याला हमखास फसवतात. 'महालक्ष्मी' मेट्रो महालक्ष्मी रेल्वे स्टेशनच्या शेजारी आहे, देवळाच्या नाही. देऊळ आणि हाजी अली तिथून दीड-दोन किलोमीटर. 'विज्ञान केंद्र' हे नेहरू विज्ञान केंद्रासाठी आहे. तारांगण नेहरू सेंटरमध्ये, ॲनी बेझंट रोडवर, म्हणजे वेगळ्याच इमारतीत. 'दादर' मेट्रो पश्चिमेला आहे, दादर रेल्वे स्टेशनपर्यंत सामान घेऊन बरंच चालावं लागतं. 'जगन्नाथ शंकरशेठ' म्हणजे मुंबई सेंट्रल. याउलट 'सिद्धिविनायक' अगदी देवळापाशी उतरवतं, आणि या एका स्थानकाने दादर-प्रभादेवीहून टॅक्सीसाठी ताटकळणं संपवलं. फक्त मंगळवार टाळा.

सगळ्यात चांगला उपयोग हुतात्मा चौक स्थानकाचा. वर आल्यावर काळा घोडा, मग छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, रीगलचा चौक आणि पुढे गेटवे, असा सव्वा किलोमीटरच्या आसपासचा सरळ रस्ता आहे. जाताना ओव्हल मैदानाकडे वळलात तर एका बाजूला हायकोर्ट आणि विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, समोरच्या बाजूला आर्ट डेको इमारतींची रांग, मधे क्रिकेटची गर्दी. याच दोन रांगांना २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. बसच्या खिडकीतून यातलं काही दिसत नाही, म्हणून इथे चालणंच बरं.

घारापुरीला, म्हणजे एलिफंटा लेण्यांना, जायचं तर गेटवेला सकाळी नऊच्या सुमाराला पोहोचावं. सोमवारी लेणी बंद. लाँचला जाताना एक तास, येताना एक तास, वर जेट्टीपासून छोट्या गाडीचा रस्ता आणि सुमारे १२० पायऱ्या. म्हणजे सगळा दिवस जातो, त्याला दुसरं काही जोडू नये. लोक इथेच चुकतात: घारापुरी आणि राणीचा बाग, म्हणजे भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय, एकाच दिवशी बसवतात आणि बागेच्या दारात पोहोचेपर्यंत तिकीट खिडकी बंद झालेली असते. पावसाळ्यात लाँच हवामानावर अवलंबून, जून ते ऑगस्ट ती यादीतून काढूनच टाकावी.

बंद वारांचा गोंधळ खरोखर त्रासाचा आहे. राणीचा बाग बुधवारी बंद, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी, तारांगणही सोमवारी. दोनच दिवस असतील तर सोमवार शहरातल्या इमारती, चौपाटी आणि वस्तुसंग्रहालयाला द्यावा, ते रोज सकाळी सव्वादहाला उघडतं. राणीच्या बागेसाठी भायखळा स्टेशन, पूर्वेकडून दहा मिनिटं चालत. तिकीट ५० रुपये, आई-वडील आणि दोन मुलांचं मिळून १००.

कान्हेरी लेण्यांसाठी राष्ट्रीय उद्यानाच्या दारापर्यंत बोरिवली पूर्वेहून चालत जाता येतं, पण मेट्रो ७ चं 'राष्ट्रीय उद्यान' स्थानक प्रवेशद्वाराच्या जास्त जवळ आहे. दारापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत असतात, उद्यानाच्या गाड्यांना सुट्टीच्या दिवशी रांग लागते. आठ-साडेआठला दारात असलात तर ठीक, बारानंतर वर चढून उन्हात कातळ तापलेले मिळतील.

हाजी अलीला भरतीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय जाऊ नये. भरतीला दर्ग्याचा रस्ता पाण्याखाली जातो, आणि भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. काल दुपारी गेलो होतो म्हणून आजही त्याच वेळी रस्ता मोकळा असेल असं नाही. वाट बघायची वेळ आलीच तर महालक्ष्मी स्टेशनच्या पुलावर जावं. खाली धोबीघाटाच्या सिमेंटच्या डोण्या, आपटण्याचे आवाज, आणि दोऱ्यांवर एकाच रंगाच्या चादरी, पुढच्या दोरीवर एकाच रंगाचे गणवेश.

बेस्टचं किमान भाडं १० रुपये, वातानुकूलित गाडीचं १२. बोरिवली पश्चिमेहून गोराई खाडीला २९४, तिथून होडीने विपश्यना पॅगोडा. वांद्रे स्टेशनहून बँडस्टँडला २११. वाळकेश्वर-बाणगंगा आणि कमला नेहरू पार्कलाही बस आहे, पण बस कुठे आहे ते दाखवणाऱ्या चलो ॲपवर गाडी हलताना दिसली तरच थांब्यावर उभं राहावं. वीस मिनिटं उभं राहण्यापेक्षा काळी-पिवळी टॅक्सी परवडते, पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आणि माणसं चार. रिक्षा मात्र वांद्रे-शीवच्या दक्षिणेला येत नाहीत, ती वाट बघू नये.

कार्डाचं सांगायचं तर एनसीएमसी, म्हणजे वेगवेगळ्या वाहनांसाठीचं सामाईक प्रवास कार्ड, मेट्रोच्या मार्गांवर आणि बेस्टमध्ये चालतं. एका कार्डावर एकच माणूस आत जातो, त्यामुळे घरच्या चौघांना क्यूआर तिकीट सोपं. लोकलचं तिकीट ॲपवर काढणार असाल तर स्टेशनात शिरण्याआधी काढा आणि फोन चार्ज ठेवा, स्क्रीनशॉट चालत नाही. तासाभरात प्रवास सुरू करावा लागतो. विनातिकीट सापडलात तर भाडं अधिक २५० रुपये दंड. फर्स्ट क्लासचा डबा तिरक्या लाल-पिवळ्या पट्ट्यांवरून ओळखायचा, सेकंडचं तिकीट घेऊन त्यात चढलेले पाहुणे टीसीला रोज मिळतात. दादरला फलाटांचे आकडे आता सलग आहेत: पश्चिम रेल्वे १ ते ७, मध्य रेल्वे ८ ते १४.

रविवारी लोकलला बाहेर पडणार असाल तर मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठीचा बंद, शनिवारीच बघून ठेवा. साधारण साडेदहा-अकरा ते चार, मध्य आणि हार्बरवर जवळजवळ दर आठवड्याला असतो. फास्ट गाड्या स्लोवर वळवतात, हार्बरच्या काही गाड्या सरळ रद्द होतात. भायखळा त्या दिवशी बसने किंवा टॅक्सीने करावं.