पळायला लागून वर्ष होत आलं: वजन, नडगी, कुत्री आणि फोंड्याचे चढ

पळून वजन कमी होतं का हे ऑफिसात, नात्यात, बसमध्ये इतक्या जणांनी विचारलंय की म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू आणि पुढे लिंक पाठवत बसू. गेल्या दिवाळीनंतर सुरू केलं, आता गणपतीची चवथ पण होऊन गेली, म्हणजे थंडी, मे महिना आणि पाऊस तिन्ही बघून झालेत. सुरुवातीला वय ४३, उंची पाच फूट दोन इंच, वजन ७८ किलो, घर फोंड्याला आणि नोकरी पणजीला, म्हणजे खुर्चीत बसायचं आणि खुर्चीत बसायला जायला परत बसमध्ये बसायचं. एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी, ६.१ आलं होतं (५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबिटीसचा पट्टा), डॉक्टर म्हणाले गोळी आत्ता नको, आधी हालचाल करा. जिम घराजवळ आहे पण मला तिथल्या गाण्यांचा आवाज सहन होत नाही, म्हणून पळणं.

वापरलं काय तर काऊच टू फाइव्ह के (सोफ्यावरून थेट पाच किलोमीटर) नावाचा नऊ आठवड्यांचा प्लॅन. हा जॉश क्लार्क नावाच्या माणसाने १९९६ मध्ये काढला, म्हणजे जुना आहे, ॲप वगैरे नंतर आली. आठवड्यातून तीनच दिवस. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं भरभर चालायचं आणि मग ६० सेकंद पळायचं, ९० सेकंद चालायचं, असं वीस मिनिटं. वाचताना वाटतं ६० सेकंद काय, एवढं तर बस पकडायला पळतोच की. पळून बघा. तिसऱ्या मिनिटाला माझा चेहरा असा झाला होता की बसस्टॉपवर भाजीचं पाटलं घेऊन बसलेली एक म्हातारी म्हणाली, "कोण फाटल्यान लागला गो बाये?" म्हणजे कोण मागे लागलंय गं बाई.

पण प्लॅन चांगलाय, खरंच चांगलाय, कारण तो तुम्हाला दमवत नाही, लाजवत पण नाही. दर आठवड्याला एवढंच वाढवतो की काल जमलं तर आज जमेल असं वाटत राहतं. फक्त पाचव्या आठवड्याचा तिसरा दिवस बघून माझ्या पोटात गोळा आला होता, कारण त्याच्या आदल्या वेळी आठ-आठ मिनिटांचे दोन तुकडे असतात आणि त्या दिवशी एकदम सलग वीस मिनिटं. जमतं. सावकाश पळालं की जमतं, आणि सावकाश म्हणजे किती तर शेजारी कोणी असेल तर पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे इतकं. धाप लागून एकेक शब्द तुटायला लागला की वेग जास्त झाला समजायचं. हे मला कुठल्याही घड्याळापेक्षा जास्त उपयोगी पडलं.

एक तक्रार नावाबद्दल. नऊ आठवडे संपतात तेव्हा तुम्ही सलग अर्धा तास पळू शकता, पण अर्ध्या तासात पाच किलोमीटर व्हायला बऱ्यापैकी वेग लागतो. माझ्यासारख्याचे साडेतीन-पावणेचार होतात. मला पाच पूर्ण करायला आत्ताही ४१-४२ मिनिटं लागतात आणि त्यात काही बिघडत नाही, पण ॲप शेवटी फुगे उडवून अभिनंदन करतं आणि नकाशावर ३.६ दिसतात तेव्हा जरा फसवल्यासारखं वाटतं.

आता वजन. पहिले तीन महिने इमानदारीत पळून जेमतेम दीड किलो गेलं. मला राग आला, मग कागद घेऊन हिशोब मांडला. पळताना साधारण किलोमीटरमागे दर किलो वजनाला एक कॅलरी जाते, म्हणजे ७८ किलोच्या बाईने चार किलोमीटर पळलं की तीनशेच्या थोडं वर. आठवड्यातून तीनदा म्हणजे साडेनऊशे. एक किलो चरबी म्हणजे ७७०० च्या आसपास. भागाकार करा, एक किलोला आठ आठवडे, आणि तेही पळून आल्यावर जास्त काही खाल्लं नाही तर. आणि खाल्लं जातंच! सकाळी साडेपाच-सहाला बाहेर पडलात की बेकरीचा वास पसरलेला असतो, पोदेर (पाववाला) सायकलवरून पों पों करत फिरतोय, परत येईपर्यंत गरम पाव दारात. पातळ भाजी, दोन पाव आणि वर एक बन घेतला की पळालेलं सगळं परत आलं, वर व्याज. माझं घड्याळ तर एका फेरीला साडेपाचशे कॅलरी दाखवायचं, त्यावर विश्वास ठेवला असता तर वजन वाढलं असतं. नवऱ्याला मी म्हटलं की हे घड्याळ माझं मन राखायला खोटं बोलतंय, तर तो म्हणे मग जपून ठेव, घरात तेवढं एकच आहे.

काटा खरा हलला तो जानेवारीनंतर, ताट बदलल्यावर. डाएट वगैरे नाही केलं, मला ते झेपत नाही आणि एका घरात दोन स्वयंपाक करायला वेळ कोणाला आहे. रात्रीचं शीत, म्हणजे भात, निम्मं केलं. हुमणातली (माशांच्या आमटीतली) मासळी तेवढीच, रस कमी, कारण नारळ तिथे असतो. चार वाजताचा कँटीनचा साखरेचा चहा आणि भजी बंद, त्याऐवजी घरून डब्यात मुगागाठी (मोडाचे मूग) किंवा उकडलेलं अंडं. पावाऐवजी पोई (गव्हाच्या कोंडेदार पिठाचा पाव), पण यात एक गंमत आहे, हल्ली बऱ्याच ठिकाणी पोई म्हणजे मैदाच असतो आणि वरून नुसता कोंडा भुरभुरवलेला, त्यामुळे फोडून आतला रंग बघायचा. या सगळ्यावर सासूबाई महिनाभर नाराज होत्या, "एवढं पळतेस आणि खात नाहीस, आजारी पडशील," आणि शिवराकाच्या, म्हणजे बिनमासळीच्या, दिवशी मुद्दाम जास्त भात वाढायच्या. आता त्याच सकाळी देवळापर्यंत चालत जातात.

आज वजन ७०.५ आहे. त्यात पळण्याचा वाटा किती, ताटाचा किती हे मला वेगळं काढून सांगता येणार नाही, पण कोणी फक्त वजनासाठी पळणार असेल तर माझ्याकडून पाचपैकी अडीच स्टार. बाकीच्या गोष्टींसाठी मात्र पाच. एचबीएवनसी ५.७ वर आलं, कमरेचा घेर ९६ सेंटीमीटरवरून ८८ झाला (आपल्याकडच्या बायकांना ८० च्या आत सांगतात, म्हणजे अजून काम आहे), आणि झोप! रात्री दहाला डोळे मिटतात ते पहाटेच उघडतात. पहिल्या तीन महिन्यांत वजन ढिम्म असताना पण घेर चार सेंटीमीटरने कमी झाला होता, त्यामुळे टेप आणाच, नुसत्या काट्यावर विसंबलात तर वैतागून सोडाल.

फेब्रुवारीत एक वेगळंच झालं. प्लॅन संपलेला, हवा छान, आणि मी दोन किलोमीटरला गळायला लागले. जिना चढताना छाती धडधडायची. मला वाटलं वय, घरच्यांना वाटलं अति झालं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन १०.२, बायकांना १२ च्या खाली म्हणजे ॲनिमिया. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, सांगितलं की चहाबरोबर किंवा चहाच्या आगेमागे घ्यायच्या नाहीत, लिंबूपाण्याबरोबर घ्या, आणि पाळीत रक्तस्राव जास्त जातो का ते पण विचारलं (जात होता, त्याचे उपचार वेगळे चालू झाले). दोन-अडीच महिन्यांत तेच दोन किलोमीटर परत हलके वाटायला लागले. चाळिशीतल्या बायकांनो, बूट घ्यायच्या आधी हिमोग्लोबिन तपासा, हे मी आता लग्नाकार्यात पण सांगत सुटते.

बुटांबद्दल सगळे विचारतात, स्पोर्ट्स ब्राबद्दल कोणी विचारत नाही, पण माझ्या मते आधी ती आणि मग बूट. चांगली घट्ट, हाय इम्पॅक्ट लिहिलेली. साध्या ब्रावर पळालात तर खांदे आणि पाठ दोन दिवस बोलतात. दुकानात ट्रायल रूममध्ये जागेवर उड्या मारून बघायचं, बाहेरच्याला काय वाटायचं ते वाटू दे. बूट मी साडेतीन हजारांचे घेतले, अजून ठीक आहेत, साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालतात म्हणतात.

नडगी दुखली सहाव्या आठवड्यात. आतल्या बाजूने हाडालगत, बोटाने दाबलं की कळ. आमच्याकडे सपाट रस्ता म्हणाल तर नाहीच, बाजारातून फर्मागुडीला जायचं म्हणजे चढ आणि परत यायचं म्हणजे उतार, आणि गंमत अशी की जीव चढावर जातो पण पाय बिघडतात उतारावर, कारण उतारावर पाऊल लांब पडतं आणि प्रत्येक पावलाचा दणका जास्त बसतो. फिजिओने दहा दिवस नुसतं चालायला लावलं, पावलं आखूड करायला सांगितली, आणि पायरीच्या कडेला उभं राहून टाचा वर-खाली करायचा व्यायाम दिला, जो मी अजून भांडी घासताना ओट्याजवळ करते. आता उतार मी चालतच उतरते. वर फर्मागुडीच्या पठारावर इंजिनिअरिंग कॉलेजच्या बाजूला त्यातल्या त्यात सपाट मिळतं, तिथे फेऱ्या मारते, गोपाळ गणपतीला बाहेरूनच नमस्कार.

रविवारी कधीतरी पणजीला. मिरामार ते दोनापावला, कांपालची झाडं, सगळं सपाट आणि वारा, तिथे पळताना वाटतं आपण कोणीतरी खेळाडूच आहोत. आयर्नमॅन ७०.३ नावाची शर्यत याच मिरामारला होते २०१९ पासून, त्यातले लोक १.९ किलोमीटर पोहून, ९० किलोमीटर सायकल मारून मग २१ किलोमीटर पळतात, ते आठवलं की जमिनीवर येते. वाळूत पळायचं फॅड मला पटलं नाही. भुसभुशीत वाळूत साध्या रस्त्याच्या दीडपटीहून जास्त ताकद जाते आणि घोटा मुरगळतो तो वेगळाच. पाण्यालगतची ओली घट्ट वाळू बरी, पण ती ओहोटीलाच, आणि ओहोटीची वेळ रोज पाऊण-एक तास पुढे जाते, त्यामुळे ऑफिसवाल्यांना तिचा उपयोग कमी. शिवाय किनारा एका बाजूला उतरता, म्हणजे एक पाय सतत खाली. जाताना एका दिशेने आणि येताना दुसऱ्या दिशेने पळायचं.

कुत्री. यावर वेगळं लिहावं लागेल इतकं आहे. पहाटे त्यांची टोळी रस्त्याच्या मधोमध असते आणि पळणारा माणूस दिसला की त्यांना कामच मिळतं. मी थांबते, अगदी थांबतेच, त्यांच्या डोळ्यांत न बघता तिरकी उभी राहते आणि मग हळू चालत निघते, दहापैकी नऊ वेळा ती कंटाळून जातात. हातात छोटी काठी, मारायला नाही, मध्ये धरायला. चावलं किंवा नुसता दात लागून ओरखडा जरी आला तरी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी इंजेक्शनला जायचं, घरगुती हळद-चुना नको. माणसांचं म्हणाल तर सुरुवातीला बाईकवरून एक-दोन शेरे आले, आता तेच लोक हात करतात. तरी अंधारात एकटी मी जात नाही, उजाडायला लागल्यावरच, आणि एका कानात हेडफोन, दुसरा मोकळा.

एप्रिल-मे वाईट. ऊन नाही हो, ऊन यायच्या आधीच घरी असते मी, दमटपणा वाईट. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला तरच अंग थंड होतं, त्यामुळे नुसतं ओलं होऊन आतून तापत राहायचं. त्या दोन महिन्यांत वेग पार कोसळला, ॲपवरचे आलेख बघणं मी बंद केलं आणि अंतर कमी केलं. आल्यावर मीठ घातलेलं कोकम सरबत, ही एक गोष्ट मात्र अशी लागते की त्यासाठी पळावं. काजूच्या दिवसांत हुर्राकचं (काजूच्या ताज्या दारूचं) आमंत्रण आलं की दुसऱ्या सकाळची सुट्टी ठरलेली, त्यावर मी वाद घालत नाही.

पावसात उलट मजा येते, हवा गार, रस्ते रिकामे. त्रास कपड्यांचा आणि बुटांचा. सुती टॉप भिजला की घासून काखेत आणि मांडीला सालं जातात, तिथे आधीच व्हॅसलीन किंवा खोबरेल लावायचं. शेवाळलेल्या फुटपाथवर पाऊल टाकायचं नाही, रस्त्याच्या कडेने पण चमकणारं जाकीट घालून. आणि बूट दोन दिवस वाळत नाहीत, आतले सोल काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, दर दोन-तीन तासांनी बदलायचे, फ्रिजच्या मागे ठेवायचे. उन्हात किंवा शेगडीजवळ नको, डिंक सुटतो.

चवथीत पळणं पूर्ण बंद होतं, नेवऱ्या, मोदक, खतखतं सगळं झालं, दीड किलो वाढलं आणि पंधरा दिवसांत त्यातलं सव्वा गेलं, बहुतेक ते पाणीच होतं. आता डिसेंबरात वास्कोच्या बाजूला चिखलीला गोवा रिव्हर मॅरेथॉन होते, त्यातल्या दहा किलोमीटरमध्ये नाव घालायचं चाललंय, जाऊबाई पण येते म्हणतेय, पळायला की बघायला ते अजून ठरलेलं नाही. त्याआधी दुसरी बुटांची जोडी घ्यायची आहे म्हणजे पावसाळ्यात अदलाबदल करता येईल. आणि हो, बूट घ्यायला संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, आणि नेहमीच्या चपलेपेक्षा अर्धा नंबर मोठा घ्या, अंगठ्यापुढे बोटभर जागा राहिली पाहिजे, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात.