शंभरातलं एक मेंढरू नेमकं हरवलं कुणी?

संडे स्कूलला शिकवते म्हणून मुलांसाठी बायबलच्या गोष्टींची पुस्तकं बरीच घेऊन झालीत, बहुतेक सगळी सारखीच, गुबगुबीत मेंढरं आणि शेवटी तात्पर्य. 'हू काउंट्स?' (2017) मागवलं ते लेखिकेचं नाव बघून. एमी-जिल लेव्हाइन म्हणजे नवा करार (बायबलचा येशूपासून पुढचा भाग) शिकवणारी ज्यू बाई, स्वतःला फेमिनिस्ट म्हणवणारी, तेही 2021 पर्यंत अमेरिकेच्या दक्षिणेत नॅशव्हिलला व्हँडरबिल्ट विद्यापीठात जिथे बहुतेक पोरं चर्चचे पाळक व्हायला आलेली! सात वर्षांची असताना शाळेच्या बसमध्ये एका मुलीने तिला सुनावलं होतं, तुम्ही ज्यूंनीच आमच्या प्रभूला मारलं. दुसरं कुणी चिडून लांब राहिलं असतं, ही त्याच नव्या कराराच्या मागे लागली. पुढे बायकांच्या नजरेतून नवा करार वाचणाऱ्या लेखांची मोठी मालिका संपादित केली, 2019 मध्ये रोमच्या पोपच्या बायबल इन्स्टिट्यूटमध्ये नवा करार शिकवणारी पहिली ज्यू ठरली. (आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, त्यामुळे बाईने बायबलला हात घालणं आपल्याला काही नवीन नाही म्हणा.)

तर पुस्तक. सोबत लिहिणारी सँडी सासो स्वतः रब्बाय, म्हणजे ज्यू धर्मगुरू आहे आणि मुलांसाठी आधीपासून लिहिते, म्हणून भाषा कुठे जड होत नाही. नव्या करारातल्या लूकच्या 15व्या अध्यायातले तिन्ही दाखले, म्हणजे येशूने सांगितलेल्या बोधकथा आहेत, 100 मेंढरं, 10 नाणी, 2 मुलगे, प्रत्येकात एक हरवतं. आम्ही लहानपणापासून ऐकलं की मेंढरू म्हणजे पापी माणूस. लेव्हाइनचं म्हणणं, अहो मेंढरू बिचारं काय पश्चात्ताप करणार आणि नाणं तर त्याहून नाही, हरवलं ते मेंढरांच्या मालकाने आणि नाणी असलेल्या बाईने, त्यांचं मोजायचं राहिलं. मग उधळ्या पुत्राकडे या. बापाला फक्त दोनच मोजायचे होते तरी चुकला ना. वाटणी घेऊन गेलेला धाकटा सगळं उधळून परत आला म्हणून वासरू कापलं, नाचगाणं सुरू झालं आणि मोठा शेतातून येतोय तर त्याला नोकराकडून कळतंय घरात काय चाललंय ते. माझी पाच वर्षांची पोर इथे थांबली, म्हणाली मम्मी दादाला बोलवायला कुणीच का नाही गेलं? मी इतकी वर्षं हा दाखला शिकवतेय, मला हे कधी सुचलं नव्हतं, मी तर मोठ्याला सरळ जळका ठरवून मोकळी व्हायचे.

तक्रारी आहेत. आपल्याकडे महाग पडतं, ऑनलाइनवाल्याने कोपरा दुमडलेलं पाठवलं, आणि मराठीत नाही त्यामुळे वाचताना तोंडी भाषांतर करत बसावं लागतं. मोहरीच्या दाण्याच्या दाखल्यावरचं पुस्तक पण आहे दोघींचं, ते मागवलंय, या वेळी दुसऱ्या सेलरकडून.