पुण्याच्या रविवार पेठेतलं काष्ठौषधीचं दुकान: सराटा घ्या, चूर्ण नको

खुरपणीत उपटून बांधावर फेकली जाणारी तणं इथे 50 ग्रॅमच्या पुडीत मिळतात: सराटा, घेटुळी, आघाडा, भुईरिंगणी, टाकळ्याचं बी, माका. मागितलं तर पोतं उघडून दाखवतात, हा दुकानाचा मोठा गुण. मात्र समोर कुटून देत नाहीत, तयार चूर्ण पुढे करतात. ते घेऊ नये. दळल्यावर सगळीच तणं मातकट दिसतात, मग भेसळ ओळखणार कशी?

सराटा, म्हणजे लहान गोखरू, उत्तम. फळं अखंड, काटे शाबूत, किडीचं भोक नाही. मोठा गोखरू वेगळ्या पोत्यात आहे, तो चौकोनी आणि निमुळता असतो. यादीत नुसतं ‘गोखरू’ लिहिलं असेल तर कोणता हवा ते सांगा. लघवीच्या जळजळीवर काढा करतात तो लहान गोखरूचा. 10 ग्रॅम भरड, 160 मिलि पाणी, झाकण न ठेवता मंद आचेवर आटवून 20 मिलि. बारीक पूड टाकली तर तळाला लागते आणि गाळताही येत नाही. ताप किंवा लघवीत रक्त असेल तर काढ्याच्या भरवशावर राहू नका.

घेटुळीत, म्हणजे पुनर्नव्यात, गडबड आहे. पुनर्नवा म्हणून दिलेल्या पंचांगात (मुळापासून फळापर्यंत अख्खं वाळकं झाड) काळं, खरबरीत, वालाच्या आकाराचं बारीक बी सापडतं. ते खापऱ्याचं. दोन्ही तणं पावसाळ्यात एकाच रानात जमिनीलगत पसरतात, गोळा करणारे एकत्रच उपटतात. खऱ्या घेटुळीचं बी चिकट, कपड्याला लागणारं. पंचांगाऐवजी नुसती मुळी मागावी, तर तीही वेगळी मिळत नाही, म्हणे पुढच्या खेपेला.

टाकळ्याचं बी स्वच्छ, खडा नाही. ताकात वाटून नायट्यावर लावतात. त्वचा सोलवटलेली असेल तर झोंबतं.

वाळका माका मात्र पैसे वाया. केसांच्या तेलाला ताजा रसच लागतो. देठ चुरडून थोडा वेळ ठेवा, काळा पडला तर माका. पिवळ्या फुलाचं झाड देऊ केलं तर परत करा, हवा तो पांढऱ्या बारीक फुलाचा. पाव लिटर तिळतेलाला 1 लिटर रस आणि 60 ग्रॅम वाटलेला पाला, जाड बुडाचं पसरट भांडं, मंद आच. आच वाढवली की पाला करपतो आणि तेलाला जळका वास राहतो. तेलातल्या पाल्याची वात वळून ज्योतीवर धरा. तडतडली तर पाणी उरलंय, असं तेल बाटलीत आठवड्यातच बुरसटतं.

माका ओलीत वाढतो, म्हणून मुठेच्या पात्रात मुबलक दिसतो. तिथला घेऊ नका, सांडपाण्यावर पोसलेला असतो. शेतातला घेताना तणनाशक कधी मारलं ते आधी विचारा.