‘ऑप्शन फॉर्म भरू नका’ असं कोणी म्हणालं तर

इंजिनिअरिंगच्या सीईटीचा, म्हणजे प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की पुण्यातल्या कॉलेजांच्या नावाने मोबाइलवर जाहिरातींचा नुसता मारा सुरू होतो. २०२५ मध्ये त्यातल्याच एका जाहिरातीपायी माझ्या बहिणीचे दोन लाख रुपये गेले. ज्यांनी नेले त्यांचं नाव इथे लिहीत नाही. ते पोलिसांकडच्या तक्रारीत आहे, आणि तसंही ही मंडळी दर हंगामाला नवी पाटी लावतात. नावापेक्षा त्यांची पद्धत कळणं जास्त कामाचं.

माझा नारायण पेठेत छपाईचा व्यवसाय. माहितीपत्रकं, पावतीपुस्तकं, लेटरहेड हे रोजचं काम, त्यामुळे या प्रकरणातले कागद मी जरा निरखून पाहिले. पण कागदांची वेळ फार उशिरा येते. त्याआधीचं सगळं मोबाइलवरच उरकलेलं असतं.

बहीण आणि दाजी बार्शीला असतात. भाचीला सीईटीत चौऱ्याऐंशीच्या आसपास पर्सेंटाइल. पुणे आणि कॉम्प्युटर, याशिवाय तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. एवढ्या पर्सेंटाइलवर पुण्यातलं नावाजलेलं कॉलेज आणि त्यात कॉम्प्युटर मिळणं अवघड, हे तिलाही माहीत होतं. नेमक्या अशाच पोरापोरींच्या इन्स्टाग्रामवर ती रील फिरत होती. एका मोठ्या कॉलेजच्या गेटसमोर पाठीला सॅक लावलेली मुलगी उभी, बोलणं अगदी आपल्याकडचं: ‘सीईटीला कमी पडले? टेन्शन घेऊ नका. डायरेक्ट अॅडमिशन, मोजक्याच सीट.’ खालचं बटण दाबलं की फॉर्म उघडतो, आणि त्यात नाव-नंबर आधीच भरलेले असतात, कारण ते तुमच्या खात्यातूनच उचललेले असतात. भाचीने फक्त नंबर बदलून आईचा घातला. चहा उकळायच्या आत फोन आला.

खरी कॉलेजंही अशा जाहिराती करतात, आणि त्यात गैर काही नाही. पण समोरचा कॉलेजमधून बोलतोय की कॉलेजच्या गेटचा फोटो काढून आणलेल्या एजंटाच्या ऑफिसातून, हे त्या फॉर्मवरून कळायला मार्ग नसतो. भरलेला फॉर्म म्हणजे एक ‘लीड’, संभाव्य गिऱ्हाइकाचा नाव-नंबर, आणि लीड विकली जाते. बहिणीला पुढच्या काही दिवसांत कुठकुठून फोन आले, त्यातले निम्मे लोक तर ‘कोणत्या कोर्ससाठी विचारलं होतंत?’ हेच आधी विचारायचे. एकच माणूस मात्र सगळं माहीत असल्यासारखा बोलला. आधी ‘मॅडम’, दुसऱ्या दिवशी ‘ताई’. दाजींना ‘सर’. त्याने बहिणीला एका व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये घेतलं. तिथे सकाळ-संध्याकाळ पालक लिहायचे, ‘थँक्यू सर, मुलाची सीट कन्फर्म झाली’, सोबत पेढ्यांचा फोटो. नंतर मी तो ग्रुप सावकाश वाचला. आभार मानणारे नंबर तेच ते होते, आणि त्यातला एकही पालक कधी कसली अडचण विचारत नव्हता. प्रवेशाच्या दिवसांत जातवैधता, नॉन-क्रिमिलेअर, डोमिसाइल असलं काहीच न विचारणारा पालक मला अजून भेटायचाय.

यापुढचा भाग नीट वाचा, कारण खरी चलाखी इथे आहे. त्या माणसाने बहिणीला सांगितलं, ‘कॅपचं रजिस्ट्रेशन झालंय ना, ते असू द्या. पण ऑप्शन फॉर्म भरू नका. ऑटो फ्रीझ झालं तर तुम्ही अडकाल, मग मला काही करता येणार नाही.’

कॅप म्हणजे राज्याच्या सीईटी कक्षाची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, आणि ऑप्शन फॉर्म म्हणजे तिच्यात भरायची कॉलेजांची पसंतीयादी. त्याच्या बोलण्यात अर्धं खरं आहे, म्हणून तर ते पटतं. २०२५ पासून इंजिनिअरिंगच्या कॅपच्या चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं, यालाच ऑटो फ्रीझ म्हणतात. दुसऱ्या फेरीत हाच नियम पहिल्या तीन पसंतींना आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांना लागू होतो. पण याचा अर्थ एवढाच, की जे कॉलेज नको ते वर टाकू नका. फॉर्मच भरू नका, असा याचा अर्थ कुठल्याही नियमात नाही. फॉर्म भरला नाही की फेरी हातची जाते, आणि एकेक फेरी गेली की पालक त्या एजंटावरच अवलंबून राहतो. भाचीच्या पहिल्या दोन फेऱ्या अशाच गेल्या.

आता यात काय गेलं ते ऐका. भाची ओबीसी, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या खाली. २०२४-२५ पासून राज्य सरकारने अशा मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ केली आहे. ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस या तिन्ही गटांतल्या मुलींना ती सवलत आहे. अट अशी, की प्रवेश कॅपमधून हवा. संस्था स्तरावरच्या किंवा मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेला ती मिळत नाही. म्हणजे जिला शिक्षण फीच पडणार नव्हती, तिला कॅपबाहेर काढायचे दोन लाख मागितले जात होते, आणि कोट्यातली जागा खरोखर मिळाली असती तरी चार वर्षांची फी वर बसलीच असती. त्या माणसाने जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, सगळं मागून घेतलं होतं. त्याला हे कळत नव्हतं, यावर माझा विश्वास नाही.

पैशांचं असं झालं. आधी पन्नास हजार ‘सीट ब्लॉकिंग’, नंतर दीड लाख ‘डेव्हलपमेंट’. पावती एका ‘एज्युकेशनल सर्व्हिसेस’ची, आणि यूपीआयवर नाव दिसत होतं भलत्याच माणसाचं. दीड लाख दोन दिवसांत तोडून भरायला लावले, का तर म्हणे यूपीआयची मर्यादा रोजची एक लाख. आता, ही मर्यादा साध्या व्यवहारांना आहे. शिक्षणसंस्थांना द्यायच्या रकमेसाठी रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्येच ती पाच लाखांवर नेली. कॉलेजच्या नावाने पैसे मागणारा माणूस लाखाच्या मर्यादेत अडकतो, तेव्हा ते खातं कॉलेजचं नसण्याचीच शक्यता जास्त. तुलनेसाठी सांगतो, कॅपमध्ये मिळालेली जागा स्वीकारायला एक हजार रुपये लागतात, आणि ते सीईटी कक्षाच्या पोर्टलवर भरायचे असतात, कोणाच्या मोबाइल नंबरवर नाही.

दाजी एकदा पुण्याला येऊन त्यांचं ऑफिस बघून गेले होते. जंगली महाराज रस्त्याच्या आतल्या बाजूला, चांगली काचेची केबिन, एसी, भिंतीवर शहरातल्या सगळ्या मोठ्या कॉलेजांची बोधचिन्हं ओळीने. एवढं बघितल्यावर माणूस शंका घेत नाही, आणि ऑफिस थाटलेलं असतं ते त्याचसाठी. मूळ मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखलाही त्यांनी ‘व्हेरिफिकेशन’साठी ठेवून घेतला. मूळ कागद स्वतःकडे अडकवून ठेवायला खुद्द कॉलेजलाही यूजीसी आणि एआयसीटीई या नियामक संस्थांची मनाई आहे. एजंटाला तर कागदांना हात लावायचंच कारण नाही.

माझ्यापर्यंत प्रकरण आलं ते ‘अॅलॉटमेंट लेटर’ आल्यावर. बहिणीने आनंदाने मला पीडीएफ पाठवली, ‘मामा, हे जरा चांगल्या कागदावर छापून ठेव’ असा भाचीचा निरोपही होता. स्क्रीनवर मोठं करून पाहिलं. बोधचिन्ह कुठल्याशा वेबसाइटवरून उचललेलं, कडा फाटलेल्या, भोवती पांढरा चौकोन. खालचा शिक्का आणि सही एकच चित्र, आणि शिक्क्याची शाई कागदाच्या अक्षरांखालून गेलेली. शिक्का नेहमी छपाईच्या वर पडतो, खाली नाही. पण मला खटकलं ते वेगळंच. लेटरहेडवर ‘पुणे विद्यापीठाशी संलग्न’ असं छापलेलं होतं. विद्यापीठाचं नाव २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं. २०२५ च्या हंगामात कोणतं कॉलेज जुन्या नावाचं लेटरहेड वापरेल? पत्रातला कॉलेजचा कोड कॅपच्या यादीत शोधला, तो दुसऱ्याच जिल्ह्यातल्या कॉलेजचा निघाला.

दुसऱ्या दिवशी पत्र घेऊन त्या कॉलेजात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी पत्र हातातही घेतलं नाही, लांबूनच पाहून म्हणाल्या, ‘अहो, हे आमचं नाही. संस्था स्तरावरचे अर्ज अजून सुरूच झालेले नाहीत.’ मग त्यांनी जे सांगितलं ते प्रत्येक पालकाला ठाऊक हवं. खासगी विनाअनुदानित कॉलेजात काही जागा संस्था स्तरावर भरतात, हे खरंच आहे. पण त्याची कॉलेज जाहिरात देतं, अर्ज मागवतं, गुणवत्ता यादी लावतं, आणि झालेल्या प्रवेशांना प्रवेश नियामक प्राधिकरणाची मान्यता लागते. ‘ब्लॉक’ करून ठेवायची सोय त्यात कुठेच नाही. फीसुद्धा शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि कॉलेजनिहाय आकडे त्यांच्या संकेतस्थळावर असतात. त्यावरचा पैसा म्हणजे देणगी, आणि देणगी घ्यायला महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे.

त्या रात्री मी जाहिरात देणाऱ्या पानाच्या मागे लागलो. फेसबुकवर कुठल्याही पानाच्या ‘पेज ट्रान्सपरन्सी’मध्ये ते कधी उघडलं आणि आधी त्याला काय नावं होती ते दिसतं. मेटाच्या अॅड लायब्ररीत त्या पानाच्या चालू जाहिरातीही दिसतात, त्यासाठी खातं लागत नाही. आमचं ‘पुणे अॅडमिशन’वालं पान वर्षभरापूर्वी मोबाइलची कव्हरं विकत होतं. गुगलवर कॉलेजचं नाव टाकलं तर सगळ्यात वर ‘प्रायोजित’ लिहिलेला दुवा, कॉलेजच्या नावापुढे ‘अॅडमिशन’ जोडलेला आणि शेवटी डॉट कॉम. ‘डॉट एसी डॉट इन’ किंवा ‘डॉट ईडीयू डॉट इन’ ही नावं शिक्षणसंस्थांनाच मिळतात, ‘डॉट कॉम’ कोणीही घेऊ शकतो. सगळ्याच चांगल्या कॉलेजांचे पत्ते असे नसतात, पण फोन नंबर घ्यायचा तर सीईटी कक्षाच्या यादीतून कॉलेजच्या पत्त्यावर जाऊन घ्यावा, जाहिरातीतून नाही.

रीलमधली ती मुलगी पुण्यातच शिकणारी, दुसऱ्याच कॉलेजची. भाचीने तिला मेसेज केला तर तिने सरळ सांगितलं, की शूटचे पैसे मिळाले, पुढचं मला माहीत नाही. पैसे घेऊन केलेल्या पोस्टवर तसं ठळक लिहावं, असं जाहिरात मानक परिषदेची २०२१ पासूनची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. त्या रीलवर असं काहीच नव्हतं. तिच्यावर माझा फार राग नाही, पण गेटसमोर उभं राहून दुसऱ्याच्या कॉलेजची ग्वाही द्यायची म्हणजे जरा अतीच.

तक्रारीत वेळ गेला आणि तिथेच जास्त नुकसान झालं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर जितक्या लवकर फोन जाईल तितकी पुढच्या खात्यात पैसे रोखले जाण्याची आशा. पत्र खोटं आहे म्हटल्यावर बहिणीने आधी त्या माणसालाच फोन केला, आणि त्याने ‘टायपिंग मिस्टेक झाली, नवं लेटर देतो’ म्हणत तिला झुलवत ठेवलं. तोवर रक्कम दोन-तीन खात्यांतून पुढे गेली होती. थोडी रक्कम एका खात्यात गोठवली गेली, ती परत मिळायची प्रक्रिया अजून चालू आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली, नंतर पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला, फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ (४) आणि ऑनलाइन तोतयेगिरीसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ डी.

मूळ कागद मात्र परत आणले. ऑफिसात गेलो तर दोन मुलं बसलेली, ‘सर बाहेरगावी.’ फाइल काढून दिली आणि वर एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला: ‘माझी कोणतीही तक्रार नाही, सर्व हिशोब पूर्ण.’ सहीच्या जागेच्या वर मी पेनाने लिहिलं, ‘फक्त मूळ मार्कशीट व दाखला मिळाला. रु. २,००,००० मिळालेले नाहीत.’ मग तारीख घालून सही केली आणि तिथेच मोबाइलवर फोटो काढला. तो पोरगा कागद परत ओढायला लागला होता, पण फोटो निघालेला होता. असल्या छापील मजकुराखाली नुसती सही करून आलात तर पुढे तोच कागद तुमच्याविरुद्ध येतो.

भाचीने तिसऱ्या फेरीसाठी ऑप्शन फॉर्म भरला. सोलापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) मिळालं, कॉम्प्युटर नाही. शिक्षण फी माफ झाली. पहिल्या दोन फेऱ्यांत काय मिळालं असतं याचा हिशोब ती अधूनमधून कटऑफच्या याद्या काढून करत बसते. तिला मी थांबवत नाही.

तुमच्याकडेही कोणी असे पैसे भरले असतील तर आधी त्या माणसाला फोन करू नका, आधी १९३० ला लावा. व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेचा संदर्भ क्रमांक), ज्या यूपीआय आयडीवर पैसे गेले तो, रीलचा दुवा आणि ग्रुपचा एक्स्पोर्ट केलेला चॅट हाताशी ठेवा. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, ग्रुप डिलीट झाला की नंबर जातात. आणि रक्कम छोटी आहे म्हणून तक्रार टाळू नका. तपास अधिकाऱ्यांनी आम्हाला सांगितलं, की वेगवेगळ्या तक्रारींत एकच खातं किंवा नंबर दिसला की त्या जोडून पुढे जाता येतं.