सीमेच्या अलीकडे व्हिसाची खिडकी नसते

जानेवारी २०२४ मध्ये बँकॉकहून कंबोडियातील सिएम रीपला बसने जाताना माझी आणि माझ्या मित्राची मिळून १२,८१७ रुपयांची फसवणूक झाली. परदेशवारी करणाऱ्याला ही रक्कम किरकोळ वाटावी असे ज्यांना वाटते, त्यांना एवढेच सांगतो की त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,०२० रुपये होता आणि आम्ही दोघेही कापूस पिकवणाऱ्या घरांतील आहोत. पावणेदोन क्विंटलपेक्षा जास्त कापसाचे पैसे एका दिवसात गेले. गावात ही गोष्ट सांगितल्यावर ‘तिकडे कशाला मरायला गेला होतात’ हेच ऐकावे लागले. त्यामुळे बरेच दिवस आम्ही गप्प राहिलो, आणि अशा गप्प राहण्यावरच फसवणाऱ्यांचे दुकान चालते, म्हणून आता सगळे आकड्यांसह लिहीत आहे.

नोव्हेंबर २०२३ पासून थायलंडने भारतीयांना ३० दिवसांचा व्हिसामुक्त प्रवेश दिला आणि माझ्या ओळखीतील जळगाव, धुळे, शिरपूरकडची कितीतरी मुले पाठीवर पिशवी टाकून तिकडे जायचे बेत आखू लागली. आम्हीही त्यांपैकीच. बँकॉक ते सिएम रीप बसचे तिकीट आम्ही तिकडे जाऊन काढले नाही, आपल्याच जिल्ह्यातील एका ट्रॅव्हल्सवाल्याकडून घरबसल्या घेतले. दोघांचे ५,२०० रुपये यूपीआयने दिले, आणि त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिले की ‘थेट सिएम रीप, व्हिसा मदतीसह’. तिकडची भाषा येत नाही, रस्ते माहीत नाहीत, अशा वेळी आपल्या भागातील, मराठी बोलणाऱ्या, ओळखीच्या माणसामार्फत आलेल्या दुकानदारावर विश्वास ठेवणे ही सावधगिरीच होती, असे मी आजही म्हणतो.

बस सकाळी निघाली. निघताना प्रत्येक प्रवाशाच्या सदऱ्यावर एक रंगीत स्टिकर चिकटवण्यात आला, तो सामान ओळखण्यासाठी असेल असे आम्हाला वाटले. प्रत्यक्षात पुढच्या माणसाला आपले गिऱ्हाईक कोणते हे दुरून कळावे, यासाठी तो होता. तुमच्या अंगावर असा स्टिकर कोणी चिकटवला तर तो बसमध्ये बसताच काढून टाका.

थायलंडच्या बाजूचे सीमेवरचे गाव म्हणजे अरण्यप्रथेत आणि पलीकडचे कंबोडियातील पॉयपेट. बँकॉकपासून सीमा साधारण अडीचशे किलोमीटर आहे. सीमा यायच्या थोडे आधी बस हमरस्ता सोडून एका खानावळीच्या आवारात शिरली. आपल्याकडे जळगावहून पुण्याला जाणारी रात्रीची ट्रॅव्हल्सही ठरलेल्याच हॉटेलवर थांबते, तेथे चहा महाग मिळतो आणि त्यात चालकाचा वाटा असतो हे सगळ्यांना माहीत असते, त्यामुळे त्या थांब्याचे आम्हाला काहीच विशेष वाटले नाही. खानावळीच्या मागच्या खोलीत लांब टेबल होते. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला, इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेला एक माणूस तेथे बसला होता आणि त्याच्यामागे कंबोडियाचा झेंडा लावलेला होता. व्हिसाचे अर्ज येथेच भरायचे आहेत, सीमेवर चार-चार तास रांग असते आणि तोपर्यंत बस थांबणार नाही, असे सांगत त्याने सगळ्यांचे पासपोर्ट गोळा केले.

त्याने समोर ठेवलेला दरपत्रकाचा तक्ता मी अजून विसरलेलो नाही. प्लास्टिकचे आवरण चढवलेला तो कागद होता, वर कंबोडियाच्या राजचिन्हासारखे चित्र होते आणि खाली ‘टुरिस्ट व्हिसा १,९०० बाट’ (बाट हे थायलंडचे चलन) असे लिहिलेले होते. मात्र १,९०० हा आकडा मूळ कागदावर नव्हता. आवरणाच्या वरून वेगळ्या कागदाची पट्टी चिकटवलेली होती, तिचा उजवा कोपरा सुटून वर आला होता, आणि त्याखालून आणखी जुन्या पट्टीची कड दिसत होती. सरकारी दर असा पट्टीवर पट्टी चिकटवून बदलत नसतो. मित्र माझ्या कानाशी म्हणाला, “भाऊ, आठे काहीतरी गडबड शे.” त्याने मोबाइल काढून दाखवला, त्यावर कंबोडियाच्या पर्यटक व्हिसाचे शुल्क ३० डॉलर असे स्पष्ट लिहिलेले होते. त्या माणसाने मोबाइलकडे पाहिलेसुद्धा नाही. तो दर विमानतळाचा आहे, येथे रस्त्याने येणाऱ्यांचा दर वेगळा आहे, असे तो म्हणाला आणि आमचे पासपोर्ट गठ्ठ्याच्या तळाशी सरकवले.

हाच तो क्षण. त्याच टेबलाशी एका युरोपीय बाईने आपला पासपोर्ट दिलाच नव्हता. तिने पिशवी उचलली, रस्त्यावर जाऊन टुकटुकला हात केला आणि ती सीमेकडे निघून गेली. तो माणूस तिच्यामागे ओरडत राहिला की तुझी बस चुकेल. तिची बस चुकली नाही. संध्याकाळी सिएम रीपमध्ये ती आम्हाला भेटली तेव्हा कळले की तिने सीमेवरच्या खऱ्या खिडकीवर ३० डॉलर भरले आणि अर्ध्या तासात ती बाहेर पडली. त्या पट्टीचा सुटलेला कोपरा आणि त्या बाईची पाठ या दोन्ही गोष्टी एकाच वेळी माझ्या डोळ्यांसमोर होत्या, हे आठवले की अजूनही संताप होतो. परंतु जे आता शहाणपण शिकवतात त्यांनी हेही लक्षात घ्यावे की आमचे पासपोर्ट त्याच्या हातात होते, सामान बसच्या डिकीत होते, बसचे इंजिन चालू होते आणि आसपास त्याची पाच-सहा माणसे उभी होती. अशा वेळी परक्या देशात कोण हुज्जत घालतो? आम्ही प्रत्येकी १,९०० बाट, म्हणजे एकूण ३,८०० बाट दिले. पावती मागितली, ती मिळाली नाही. त्या वेळच्या ३५ बाटला एक डॉलर या दराने हे प्रत्येकी ५४ डॉलरपेक्षा जास्त झाले, म्हणजे ३० डॉलरच्या खऱ्या शुल्कापेक्षा दोघांचे मिळून ४,०३१ रुपये जादा गेले.

यातली खरी चलाखी अशी की हाती पडणारा व्हिसा खोटा नसतो. एक पोऱ्या मोटारसायकलवर पासपोर्ट घेऊन सीमेवर जातो, ३० डॉलर भरून अस्सल व्हिसा लावून आणतो, आणि वरचे पैसे वाटून घेतले जातात. म्हणूनच पुढे कोणाकडेही गेलो तरी ‘व्हिसा तर मिळाला ना, मग फसवणूक कसली’ हेच उत्तर मिळते. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. बाहेर पडल्याचा थायलंडचा शिक्का बसण्यापूर्वी वाटेत जो कोणी कंबोडियाचा व्हिसा देऊ करतो, तो दलाल आहे. व्हिसाची खरी खिडकी थायलंडची तपासणी ओलांडल्यावर, दोन्ही तपासण्यांच्या मधल्या पट्ट्यात होती आणि दर तेथे फलकावर लिहिलेला होता. ई-व्हिसा घरूनच काढता येतो, त्या वेळी त्याचे ३६ डॉलर पडत होते. तो हातात असेल तर खानावळीतल्या माणसाला तुमच्याकडून काही उकळता येत नाही.

पॉयपेटला उतरल्यावर दुसरा झटका बसला. आम्हाला एका छोट्या बसने गावाबाहेरच्या थांब्यावर नेले गेले. तेथल्या चलन बदलण्याच्या टेबलाशी सांगण्यात आले की कंबोडियात डॉलर कोणी घेत नाही, तेथले चलन म्हणजे रिएल लागतातच आणि ते पुढे बदलून मिळणार नाहीत. आमच्याजवळचे ३०० डॉलर आम्ही डॉलरला ३,२०० रिएल या दराने बदलले आणि आम्हाला ९,६०,००० रिएल मिळाले. बाजारातला दर होता सुमारे ४,१०० रिएल, त्या हिशेबाने १२,३०,००० मिळायला हवे होते. २,७०,००० रिएल, म्हणजे ५,४६६ रुपये त्या टेबलावर गेले. दुसऱ्या दिवशी अंकोरवाटच्या तिकीट खिडकीवर गेलो तेव्हा पाहिले की खुद्द अंकोरचे एका दिवसाचे तिकीटच ३७ डॉलर असे डॉलरमध्ये लिहिलेले आहे, आणि शहरातल्या एटीएममधून डॉलरच्या नोटाही निघतात. ज्या देशात दुकाने, हॉटेले आणि सरकारी तिकिटे डॉलरवर चालतात, तेथे डॉलर चालत नाहीत असे छातीठोकपणे सांगणाऱ्या माणसाच्या अंगावर गणवेशासारखा सदरा होता, म्हणून आम्ही ऐकले.

त्याच थांब्यावर पुढची बस ‘भरल्याशिवाय सुटणार नाही, कदाचित रात्री सुटेल’ असे सांगून प्रत्येकी २० डॉलरमध्ये टॅक्सी पुढे करण्यात आली. आमच्या तिकिटावर थेट सिएम रीप असे लिहिले होते, ते दाखवले तर त्याने तिकिटाचा तुकडा फाडून घेतला आणि हात झटकले. सिएम रीप तेथून साधारण दीडशे किलोमीटर, अंधार पडायला आलेला. ४० डॉलर, म्हणजे ३,३२० रुपये दिले. तिकिटाचा फोटो काढून ठेवलेला होता, म्हणून आज निदान पुरावा आहे. तुमचे तिकीट कोणी फाडण्याआधी त्याचा फोटो काढा.

आता अधिकाऱ्यांबद्दल. सीमेवर एका गणवेशधाऱ्याला मोबाइलमधला तक्त्याचा फोटो दाखवला, त्याने तो पाहिला आणि ‘त्या दुकानात परत जा’ असे सांगितले. परत कसे जाणार, पासपोर्टवर थायलंड सोडल्याचा शिक्का बसलेला होता. थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा ११५५ हा दूरध्वनी क्रमांक आहे, तो शिक्का बसण्यापूर्वी लावायला हवा, हे आम्हाला सिएम रीपला गेल्यावर कळले. आपल्या सरकारच्या परदेशातील एका कार्यालयाला ईमेल केली, तिला ‘आपली तक्रार नोंदवून घेतली आहे’ एवढ्या एका ओळीचे उत्तर आले आणि पुढे काही नाही. परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ हे तक्रार संकेतस्थळ २०१५ पासून आहे. ज्यांना जायचे आहे त्यांनी निघण्यापूर्वीच तेथे खाते उघडून ठेवावे, तक्रारीचा क्रमांक तरी हातात राहतो.

खरा मनस्ताप घरी आल्यावर झाला. आम्ही ज्या पोलीस ठाण्यात गेलो तेथील हवालदारांनी अर्ज वाचण्याआधीच गुन्हा बँकॉकला घडला, बँकॉकला जा, असे सांगितले. अहो, तिकीट येथे विकले गेले, पैसे येथल्या बँक खात्यातून येथल्याच दुकानदाराच्या खात्यात गेले, खोटे आश्वासन येथल्या मोबाइलवर लिहिले गेले. कृत्य एका ठिकाणी आणि त्याचा परिणाम दुसऱ्या ठिकाणी असेल तर दोन्हींपैकी कोठेही कारवाई होऊ शकते, असे तेव्हा लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७९ सांगते, हे मी छापील कागद घेऊन दाखवले. तो कागद त्यांनी वाचला नाही. अर्ज ठेवून घ्या आणि पोच द्या म्हटले तर ‘साहेब आल्यावर या’. साहेब आले तेव्हा ते बंदोबस्तावर निघाले होते. सायबर शाखेत गेलो तर रोखीने दिलेले पैसे सायबर गुन्ह्यात बसत नाहीत आणि यूपीआयने दिलेले तुम्ही स्वखुशीने दिले, असे उत्तर मिळाले. म्हणजे रोख दिले तरी गुन्हा नाही आणि ऑनलाइन दिले तरी नाही. मग सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक फलकांवर एवढ्या मोठ्या अक्षरांत का रंगवतात? नोकरीसाठी परदेशी पाठवणाऱ्या दलालाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने नोंदणी सक्तीची आहे, पण पर्यटनाचे तिकीट विकणाऱ्याला पर्यटन मंत्रालयाची मान्यता घेणे ऐच्छिक आहे. कोणीही गाळा भाड्याने घ्यावा, विमानाचे चित्र लावावे आणि लोकांना परदेशी बसमध्ये बसवून द्यावे, त्याला विचारणारे कोणी नाही. तालुक्यातल्या पोरांच्या घामाच्या पैशांची ही किंमत आहे.

शेवटी आधार मिळाला तो २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा. ग्राहक जेथे राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लावण्याची सक्ती नाही, मात्र दोन वर्षांची मुदत आहे. आम्ही मुदतीत तक्रार दाखल केली. त्या दुकानदाराने ‘व्हिसा मदत तिकडच्या कंपनीची, आमचा संबंध नाही’ असे लेखी उत्तर दिले आहे, आणि ते त्याच्याच व्हॉट्सअ‍ॅपवरील ओळीच्या थेट विरुद्ध आहे.

जून २०२५ मध्ये दोन्ही देशांतील तणावामुळे ही सीमा प्रवाशांना बंद झाली, त्यामुळे आज कोणी तिकडे जाण्याचे तिकीट विकत असेल तर आधी सीमेची स्थिती स्वतः तपासा. ती चालू असेल तेव्हा बँकॉकहून सीमेपर्यंत रेल्वेने जा. तिसऱ्या वर्गाचे भाडे पन्नास बाटच्या आसपास होते आणि रेल्वे काही वाटेत खानावळीच्या आवारात वळत नाही. भुसावळच्या माणसाला रेल्वेची भीती नसावी. पासपोर्ट गणवेशातील अधिकाऱ्याशिवाय आणि काचेच्या खिडकीशिवाय कोणाच्याही हातात देऊ नका. चलन शहरात पोहोचल्यावरच बदला.

तो दुकानदार आजही आपल्या जिल्ह्यात तोच फलक लावून बसला आहे आणि ‘व्हिसा मदतीसह’ हेच शब्द त्यावर आहेत. ज्यांनी अशा प्रकारे तिकीट घेऊन जादा पैसे भरले असतील त्यांनी आपले व्हॉट्सअ‍ॅप संदेश, यूपीआयच्या नोंदी आणि तिकिटाचे फोटो मोबाइल बदलताना पुसून टाकू नयेत, आणि दोन वर्षे उलटण्याआधी जिल्हा आयोगात आपापली तक्रार दाखल करावी.